शिगा, हाकुबा की नोझावा

“हाकुबा नको,” तोकिएबाई म्हणाल्या आणि ओल्या हातानंच त्यांनी तो रंगीत कागद बाजूला सारला. “उतार बघितलेत का तिथले? वर जाईन लिफ्टनं, पण खाली येईन ती बसूनच.”

दुपारची गिऱ्हाइकं सरली होती. जपानातल्या मात्सुमोतो शहराच्या एका गल्लीतल्या त्या सोबा-नूडल्सच्या दुकानात दोघंच उरले होते. चुलीपाशी विधवा मालकीणबाई, आणि समोर मोमोसे, बस चालवून निवृत्त झालेला विधुर. रोज इथंच जेवायचा. आज मात्र वाडगा बाजूला ठेवून त्यानं डोंगरातली तीन स्कीची ठिकाणं टेबलावर मांडली होती. दोन रात्री, दोघांनीच जायचं. एवढं विचारायला बापड्याचा अख्खा पानगळीचा मोसम गेला होता.

“बरं, मग शिगा,” तो म्हणाला. “उंचावर आहे. बर्फ कसा पिठासारखा कोरडा. पडलात तरी लागायचं नाही.”

“म्हणजे मी पडणार हे ठरलंच का तुमचं?”

“तसं नव्हे हो...”

“आणि संध्याकाळी तिथं करायचं काय? लिफ्ट बंद झाली की एकमेकांची तोंडं बघत बसायचं?”

मोमोसेच्या मनात खरं तर नेमकं तेच होतं. पण बोलायची छाती होईना. त्यानं तिसरा कागद पुढं केला. नोझावा. गावभर गरम पाण्याची कुंडं, गल्लीगल्लीत वाफ, बेताचे उतार. याला तरी बाई कशाला नाही म्हणतील?

“पाणी फार कढत असतं तिथलं,” तोकिएबाई म्हणाल्या. “शिवाय पलीकडची फुलवाली दर हिवाळ्यात तिथंच जाते. आपली वरात परत यायच्या आधी बातमी गल्लीभर झालेली असेल.”

आता मात्र मोमोसेचा चेहरा पडला. जन्मभर घाटातली वळणं घेतलेला माणूस, पण या बाईचं वळण काही त्याला घेता येईना. फार वाईट वाटलं त्याला. त्यानं तिन्ही कागद गोळा केले.

“यायचंच नसेल तर सरळ सांगा ना. डोंगरांना कशाला उगीच नावं ठेवता? मला राग नाही यायचा. उद्याही जेवायला येईनच मी.”

नूडल्स उकडलेलं, जेवणाअखेर प्यायचं गरम पाणी तोकिएबाईंनी त्याच्या वाडग्यात उरलेल्या रश्श्यात ओतलं आणि वाडगा पुढं सरकवला. रोज इतकं करून त्या आत वळायच्या. आज तिथंच उभ्या राहिल्या.

“मघापासून उतार सांगताय, बर्फ सांगताय, लिफ्ट सांगताय,” त्या म्हणाल्या. “खोल्या किती घेणार, ते काही सांगितलं नाहीत.”

मोमोसे कानापर्यंत लाल झाला.

“दोन! म्हणजे काय, दोनच! मी काय तसला माणूस वाटलो? तुमची वरच्या मजल्यावर, माझी खालच्या. तिन्ही गावांत विचारून ठेवलंय.”

“तिन्ही गावांत?”

“तिन्ही गावांत,” मोमोसेनं छाती पुढं काढून सांगितलं.

तोकिएबाईंनी कपाळाला हात लावला. हसू तर आवरेना, आणि डोळे भरून आले ते निराळेच. त्यांनी ते पदरबिदर नसल्यामुळं ॲप्रनलाच पुसले.

“कर्म माझं! अहो, एकटीनं झोपायला मला एवढा डोंगर कशाला चढायला हवा? एकटी तर मी इथंही झोपतेच की.”