नाकारलेली नोंद

नंबर तिच्या नवऱ्याचा होता. नव्या प्रणालीने नाकारलेल्या नोंदींमध्ये तो दिसला आणि तिने ती नोंद उघडली.

एका हॉस्पिटलची सगळी माहिती जुन्या प्रणालीतून नवीत हलवायचं काम तिच्याकडे होतं. दोन्ही प्रणालींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जुनीतली नावं कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. नवीत आली की त्यांचे नुसते कंस आणि टिंबं होत. या पेशंटचं नावही तसंच झालेलं. वाचता येत होतं ते एवढंच: स्त्री. उपचार दर गुरुवारी. सोबतच्या माणसाचा नंबर, नवऱ्याचा.

दर गुरुवारी त्याची मीटिंग असते. तिथून येताना शर्टाला औषधाचा वास असतो. तिने विचारलं, तर म्हणे ऑफिसात फिनाइलने फरशी पुसतात. आणि तिने ते मानलंही होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला एवढा उशीर लावल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

आजही गुरुवारच होता. तिने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"मीटिंगमध्ये. नंतर करतो," तो कुजबुजला. मागे कसलंसं यंत्र टिकटिकत होतं.

तिने फोन ठेवला. आज घरी गेल्यावर बॅग भरायची, तिने ठरवून टाकलं.

शेजारच्या टेबलावर बसणारे, सगळ्या ऑफिसचे काका, एकदम हसायला लागले.

"अगं, हे बघ, प्रसूतीच्या वॉर्डात सगळे बाप्ये भरती झालेत. जुनीत कोड एक म्हणजे बाई, नवीत कोड एक म्हणजे पुरुष. आपण तपासलंच नाही."

म्हणजे तिची ती बाई पुरुष होती.

तिने तेवढी एकच नोंद फॉन्ट बदलायच्या प्रोग्रॅममध्ये घातली. कंस गेले, टिंबं गेली, अक्षरं उमटली. आडनाव तिचंच, माहेरचं. या लग्नापायी ज्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि तिच्या नवऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्यांचं नाव. पुढे नात्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं, जावई.

तिने पुन्हा फोन लावला.

"अगं, सांगितलं ना, मीटिंग चालू आहे..."

"फोन बाबांकडे दे," ती म्हणाली.