थोरल्याचा अंगठा

धाकट्यानं अंगठा टेकवला, पण कॉम्प्युटर उघडला नाही. त्यानं अंगठा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा टेकवला. पडद्यावर तीच ओळ आली : ओळख पटली नाही.

त्या चष्म्याच्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं. दोघं जुळे भाऊ अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते, तरी नाक, टक्कल, आवाज, खाकरण्याची तऱ्हासुद्धा एकाच साच्यातली. गिऱ्हाइकांचं सोडा, थोरल्याची बायकोदेखील पाठमोऱ्या दिराला दोनदा नवरा समजून रागावली होती. कॉम्प्युटरचा पासवर्डही दोघांचा एकच, आणि तिथंच घोळ झाला. मागच्या महिन्यात एका शिक्षिकेला चुकीच्या नंबरचा चष्मा गेला. डोळे कोणी तपासले, असं विचारल्यावर दोघंही ‘मीच’ म्हणाले. एकमेकांची चूक अंगावर घ्यायची त्यांना लहानपणापासूनची खोड होती. धाकट्याच्या लेकीनं कपाळाला हात लावला आणि आज एक बोटभर काळं यंत्र आणून कॉम्प्युटरला जोडलं. आता ज्याचं बोट, त्याच्या नावावर तपासणी. सुरुवात थोरल्यापासून झाली, कारण खुर्चीत तो बसला होता. खुर्चीत नेहमी तोच बसायचा. नावाच्या चौकटीत पुतणीनं ‘मोठे काका’ असं लिहिलं आणि त्याचा अंगठा पाच-सहा वेळा टेकवून घेतला.

धाकट्याला मात्र यंत्राला चकवायचं होतं. त्यानं अंगठा तिरपा ठेवला, ओला करून ठेवला, जीव खाऊन दाबला. मग दोघांनी लेकीला पाठ फिरवायला लावली आणि मनाला येईल त्या क्रमानं अंगठे टेकवले. यंत्र एकदाही फसलं नाही. थोरल्याला आत घेत होतं, धाकट्याला दारातूनच परत पाठवत होतं.

“माणसं फसतात, मग याला काय दिसतं?” धाकटा म्हणाला.

थोरल्यानं ड्रॉवरमधून भिंग काढलं. दोघांनी आपापले अंगठे काउंटरवर शेजारी शेजारी धरले. थोरल्याच्या अंगठ्यावर चक्र होतं, गोलात गोल. धाकट्याच्या अंगठ्यावर शंख. रेघा एका बाजूनं यायच्या आणि वळसा घालून त्याच बाजूला निघून जायच्या. तीस वर्षं दोघांनी लोकांच्या डोळ्यांत वाकून पाहिलं होतं, पण एकमेकांचे अंगठे कधी पाहिले नव्हते. हे जन्मापासूनच असं असतं का, असं थोरल्यानं विचारलं. जन्माच्याही आधीपासून, असं पुतणीनं सांगितलं.

खिडकीजवळच्या बाकावर त्यांची आई बसली होती. दुपारी ती दुकानात येऊन बसायची. तिच्या डोळ्यांपुढचं धुकं आता कुठल्याच चष्म्यानं हटणारं नव्हतं. इतका वेळ ती नुसती ऐकत होती.

“त्या यंत्राला थोरला कोण ते कळतं का गं?” तिनं नातीला विचारलं.

नातीला हसू आलं. तिनं समजावलं, की यंत्राला फक्त बोट कळतं. त्या बोटाला नाव आपण देतो.

“म्हणजे तुम्ही सांगाल तेच,” आई म्हणाली. मग तिनं जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दोघं तीन आठवड्यांचे होते. ओळखायला सोपं जावं म्हणून थोरल्याच्या मनगटाला तिनं लाल दोरा बांधला होता. आंघोळ घालताना तो सुटला आणि पाण्याबरोबर वाहून गेला. तिच्या लक्षात आलं तेव्हा दोघं टॉवेलवर शेजारी शेजारी पडून रडत होते. तिनं दोघांना उलटसुलट करून पाहिलं, तीळ शोधले, केसांतले भोवरे पाहिले. बाहेर नवऱ्याची पावलं वाजली, तसा तिनं दुसरा दोरा घेतला आणि एकाला बांधून टाकला.

“कोणाला?” थोरल्यानं विचारलं.

“जो आधी रडायचा थांबला त्याला.”

धाकटा भिंगातून अंगठ्याकडे बघत राहिला. पंधरा मिनिटांचं धाकटेपण. त्या पंधरा मिनिटांपायी थोरला आधी शिकायला गेला आणि हा दुकानात थांबला. थोरल्याचं जमेना म्हणून यानं स्वतःचं लग्न तीन वर्षं लांबवलं. दोघांत मतभेद झाला की शेवटचा शब्द थोरल्याचा, आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आता आपल्याला राग येईल असं त्याला वाटलं. तो वाट बघत राहिला, पण राग आला नाही. आली ती नुसती उत्सुकता. ती टॉवेलवरची दोन पोरं त्याला एकदा जवळून बघायची होती. त्यानं भावाकडे पाहिलं. आरशात बघावं तसा तो चेहरा त्याला पाठ होता, पण त्या चेहऱ्यामागं या क्षणी काय चाललंय, ते त्याला पहिल्यांदाच कळेना.

लेकीनं दुसऱ्या बोटासाठी नवी चौकट उघडली होती. यंत्रावरचा दिवा लुकलुकत होता. नावाच्या जागी काय लिहायचं ते न सुचून ती तशीच थांबली.

थोरला खुर्चीतून उठला. खुर्ची त्यानं भावाकडे वळवली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, “बस, दादा. बोट ठेव.”

आईनं मान आवाजाच्या दिशेनं वळवली.

“आत्ता कोण बोललं?” तिनं विचारलं.