झोपायची नोकरी

अंतराळात फार काळ राहिलं की पाय दुबळे होतात, तसेच अंथरुणात पडून राहिल्यानेही. म्हणून उपाय शोधणाऱ्या डॉक्टरांसाठी पोस्टमन दोन महिने पलंगावर होता. जेवण, अंघोळ, दाढी, सगळं पडल्यापडल्याच. “यांना झोपायची नोकरी लागलीय,” बायको सगळ्यांना हसून सांगायची. पण मध्येच एकदा तो रडकुंडीला येऊन घरी निघाला, तेव्हा तिनेच फोनवरून समजूत काढली होती. आज त्याला उभं केलं, तर जन्मभर पायपीट केलेले ते पाय लटपटले. बघायला आलेल्या तरुणीने चटकन सावरलं. “मी पुढच्या महिन्यात अंतराळात जातेय,” ती म्हणाली. “परतल्यावर माझीही अशीच गत होणार. काका, तुम्ही माझ्यासाठी पडून राहिलात.” तिला त्याचा हात सोडवेना. पोस्टमनचा इतक्या दिवसांचा वैताग कुठच्या कुठे पळाला. “मग नीट बघून ठेव, पोरी,” म्हणत त्याने पहिलं पाऊल टाकलं.