लाल काट

न्हाणीघरात बादलीची कडी खण्णकन आपटली आणि दुपारची शांतता मोडली.

“झोपली नव्हतीस तू?” टेबलावरून मान न उचलता आईनं विचारलं.

“झोप आलीच नाही माझ्याकडे,” चिमणी आतून ओरडली. “मी फ्रॉक धुतेय. निळा डाग.”

“राहू दे गं. तेलरंग आहे तो, नाही निघायचा.”

“आजीच्या साबणानं निघेल. आजी सगळं काढते.”

तिनं पुढचा फोटो ओढला. लेक झोपली की मिळणारा तासभर, तेवढाच तिचा. त्यात संग्रहालयाचं काम उरकायचं. समोर शहराचे जुने फोटो, प्रत्येकावर ट्रेसिंग पेपर. फोटोतली इमारत आजही उभी असेल तर हिरव्या पेन्सिलीनं तिची कड गिरवायची. पडली असेल तर तिच्यावर लाल काट. हिरव्या इमारतींवर पाट्या लागणार होत्या. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे संग्रहालयाच्या मॅडमच्या मागोमाग एकेका पाटीपाशी जाणार, आत डोकावणार, राहणाऱ्यांशी गप्पा मारणार.

काम तिनं जीव ओतून केलं होतं. जुना दवाखाना गेला होता, पण त्याची कमान एका सायकलच्या दुकानात निघाली. घड्याळवाल्याची माडी शाबूत होती, फक्त नव्या काचांआड तोंड लपवून बसलेली. पोस्टाच्या वळणदार जिन्यासाठी तर चिमणीला कडेवर घेऊन तिनं भर उन्हात गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या.

एकच फोटो असा होता, की तो सारखा ढिगाच्या तळाशी जायचा. कोण घालायचं? ती स्वतःच. त्यावर काट मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

बेल वाजली. मॅडम आल्या होत्या, फोटो न्यायला. छपाईवाला खोळंबला होता.

“हे एकदा पार पडलं ना, की तुला कायम करायचं. वरती बोललेय मी,” खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. “आणि तुझ्या आईची बाग काय म्हणते? बंगल्यावर बोलव की एकदा आम्हाला. नुसतीच वर्णनं ऐकायची का?”

“बोलावते ना,” म्हणून ती चहा ठेवायला वळली.

मॅडम फोटो उलटत राहिल्या. “अगं, ही कमान सापडली? सायकलच्या दुकानात? तुला डोळे आहेत की भिंगं!”

ती संकोचून हसली. कपबशा टेबलावर ठेवल्या. तोवर मॅडम तळाशी पोचल्या होत्या.

“धुलाईघर,” त्या पुटपुटल्या. “खाली दगडी हौद, वरती धुणाऱ्या बायकांच्या खोल्या. साऱ्या गावाचा मळ इथे उतरायचा बघ. हे पडलं? मला वाटायचं, आहे अजून.”

“पडलं. गाड्या लावतात आता तिथे.”

“बघून आलीस?”

“हो. गुरुवारी.”

“गुरुवारी आपण आजीकडे गेलो होतो!” चिमणी दारात उभी होती, कोपरापर्यंत ओली. “आजी दार रंगवत होती. मी पण रंगवलं. आजीकडे खूप पाहुणे येणारेत.”

“अगंबाई! कुठले पाहुणे?”

“काहीतरी बडबडते,” ती घाईनं म्हणाली. “जा, केस पूस.”

चिमणी हलली नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे तू गेलीच नव्हतीस.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चहावर साय धरत होती, तिकडे बघत ती म्हणाली, “नाही गेले, मॅडम. चुकलं माझं.”

“आणि काट मारून मोकळी?”

“तिकडच्या एकाला फोनवर विचारलं होतं. पडलं म्हणाला.”

मॅडमनी कप पुढे ओढला. मग त्यांचाच आवाज मऊ झाला. “लहान पोर सांभाळून नोकरी करणं काय असतं, मी भोगलंय गं. नाही जमलं, तर नाही जमलं म्हणावं. त्यात कसली लाज? पण खोटं नको. आपण ज्याच्यावर काट मारू, ते लोकांच्या लेखी मेलं.”

“हो.”

“बरं, असू दे आता. पडलंच असेल म्हणा. रात्रंदिवस पाणी मुरलेल्या भिंती त्या, किती टिकणार!”

“हो,” ती पुन्हा म्हणाली. मान काही वर झाली नाही.

मॅडमनी गठ्ठा सारखा केला आणि दोरी मागितली. दोरी आणायला ती उठली, तेवढ्यात चिमणी खुर्चीवर चढून टेबलावर ओणवी झाली.

“मला बघू दे की एकदा.”

“बघ बाई. बघ तुझ्या आईची करामत,” मॅडम हसल्या आणि त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं.

वरच धुलाईघर होतं. चिमणीनं ट्रेसिंग पेपर उचलला. भिंग सावकाश सरकत गेलं. तारांवरच्या चादरी. हौद. कमरेला बादल्या लावून उभ्या बायका. दाराशेजारी सिंहाच्या तोंडाचा नळ. तिथे भिंग थांबलं. नखात निळा रंग अडकलेलं ओलं बोट चिमणीनं सिंहाच्या जबड्यावर टेकवलं, आणि ती खुदकन हसली.

मग तिनं ट्रेसिंग पेपर पुन्हा खाली सोडला. हसू थांबलं. हातात दोरी घेऊन उभ्या असलेल्या आईकडे तिनं वळून पाहिलं.

“आई, आजीच्या घरावर तू काट का मारलीस?”