गाण्याबिगर गिटार

प्रेमानंद पुण्यात धा वर्षं गिटारीवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं संगीत, वाजवून नाव काढून आला, पण गावाकडं, गोरेगावात, त्याला कोणी ऐकलं नव्हतं. माय पद्माबाईनं तर तोंडावर सांगितलं होतं, "गाण्याबिगर नुसत्या तारा कोण ऐकंल रे?"

२००३ च्या भीमजयंतीला तो स्टेजवर चढला. "कापसाच्या रानात राबणाऱ्या लोकांचं हाय हे," एवढंच म्हणला आन् करंगळीत काचेच्या बाटलीचा गळा अडकवून तारांवर घासू लागला. गिटार कण्हू लागली. लोकांनी गाण्याची वाट पाहिली, पाहिली, आन् मग मागून आवाज आला, "अबे प्रेम्या, तारा जुळवणं झालं का न्हाई? गाणं कवा म्हणतू?"

मांडव हसला. माईकवाल्या हरीशनं सांभाळून घेतलं, "जरा दम धरा, जुळवून राहिला तो." प्रेमानंदाचे कान तापले. हात थांबणारच होता.

तेवढ्यात बायांमधून पद्माबाई उठली. "काय जुळवून राहिला? कापूस खुरपताना आमी म्हणतो तेच हाय हे. शेताच्या धुऱ्यावर झोळीत निजून ऐकलेलं इसरलं न्हाई माझं लेकरू!"

आन् तिनं तिथूनच गाणं उचललं. पाठोपाठ सगळ्या बायांनी. प्रेमानंदाला असा काही जोश चढला की हात पळायलाच लागला. तशी माय गाणं थांबवून भर मांडवात ओरडली, "हळू वाजीव, प्रेम्या! बायांच्या हातात खुरपं असतं!"