एक मिनिट शांतता

“आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही,” ऋजुता म्हणाली. मुलाखत संपली की ती मोकळ्या खोलीचा आवाज टिपून घ्यायची; पुढे एडिटिंगला लागतो. पंखा बंद केला, साउंडवाल्यानं खूण केली.

समोर प्रसन्न बसला होता, कॉलरला माइक तसाच. बायकोनं हुंड्यासाठी छळ आणि मारहाण केल्याची केस केली आणि सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून तो निर्दोष सुटला. ऐकताना ऋजुताच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पुरुषांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून पेपरातली नोकरी सोडून, लोकांच्या शिव्या खाऊन ती ही फिल्म करत होती. सुरुवात याच्यापासूनच करायची, हे तिनं मघाशीच ठरवून टाकलं होतं.

स्वयंपाकघरातून त्याची आई चहा घेऊन आली. तिला कमी ऐकू यायचं. मुलाखत आटोपली एवढंच तिला समजलं होतं.

“सगळं सांगितलंस ना रे?” ट्रे ठेवत ती म्हणाली. “दोनदा मारलंस तिला, तेही?”

कुणी बोललं नाही. बोलायचं नव्हतंच. प्रसन्न माइकच्या वायरशी चाळा करत राहिला. हुंड्याचं खोटं, पण मार खरा? मग ही सात वर्षं कशाची? ऋजुताला काही उमजेना.

“मॅडम, मध्ये आजींचा आवाज आला,” साउंडवाला हळूच म्हणाला. “परत एक मिनिट घेऊ?”

“घ्या,” ती घाईनं म्हणाली. तेवढं एक मिनिट तरी तिला काही विचारावं लागणार नव्हतं.