लाल खूण

‘बाळाचं अंग गरम लागतंय.’ पाळणाघराचा मेसेज केतकीने दोनदा वाचला. समोर, विमा कंपनीच्या मीटिंगमध्ये, पडद्यावर नवा नियम झळकत होता: मुलांना वारंवार डॉक्टरकडे नेणाऱ्या घरांना लाल खूण, हप्ता जास्त.

“आणि जे नेतच नाहीत?” तिने विचारलं.

“त्यांना हिरवी,” नियम मांडणारे देवस्थळी सर म्हणाले. “डेटा सांगतो, ती मुलं ठणठणीत.”

“सर, पोर दवाखान्याची पायरी चढलं नाही, म्हणजे ठणठणीत? अहो, वेळेवर नेणारी आईच आपला खर्च वाचवते.”

देवस्थळी सर हसले. “मॅडम, आईपण घरी ठेवून येत जा. सगळ्यांचा होकार आलाय.”

“माझा नाही. तसं लिहून घ्या.” तिने लॅपटॉप मिटला, पर्स उचलली.

दारात ती वळली. “लेकीला डॉक्टरकडे नेतेय. पहिली लाल खूण माझ्याच नावापुढे लावा.”